सरकारी वहीतील नाव

वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांतून चालू लागले की थोड्याथोड्या अंतरावर क्रूस भेटतात. त्यांपैकी कित्येक १८९६ नंतरच्या प्लेगच्या दिवसांत उभे राहिले. मे महिन्यात शेजारपाजारची कुटुंबे अशा क्रूसांपाशी जमून जपमाळेची प्रार्थना म्हणतात, तेव्हा त्यांच्यापैकी फारच थोड्यांना त्या साथीची आठवण होत असेल. दगडाला मात्र ती आठवण आहे. परंतु कोणत्या घरात, कोणाच्या काखेत गाठ आली होती, हे तो दगड सांगत नाही. ती नोंद दुसरीकडे, सरकारी वहीत झाली. त्या वहीत नाव कोणी घातले, कोणत्या रीतीने घातले आणि तेथून ते कोठे कोठे पोचले, यातून आपल्या प्रांताच्या इतिहासातील एक दुःखद प्रकरण घडले. सुमारे नव्वद वर्षांनी गोव्यात त्याच प्रकरणाची पुनरावृत्ती झाली. ही दोन प्रकरणे एकत्र वाचली म्हणजे, रुग्णाच्या आजाराची माहिती कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचे उत्तर आपोआप पुढे येते.

वैद्याने रुग्णाच्या घरात जे पाहिले, जे ऐकले, ते बाहेर बोलू नये, हा दंडक फार जुना आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही तो आहे. घरी येणारा डॉक्टर तो पाळू शकत होता, कारण त्याला बांधिलकी एकट्या रुग्णाशी होती. पण आरोग्याचा कारभार सरकारने हाती घेतला, की डॉक्टरला दोन धनी होतात. एक खाटेवरचा रोगी आणि दुसरी वरिष्ठांची कचेरी. दोघांचीही मागणी रास्त असू शकते. रोग्याला आपली लाज राखली जावी असे वाटते. साथ कोठून कोठे सरकते आहे हे कचेरीला कळावे लागते. या दोन मागण्यांची सांगड कशी घालायची, ते आपल्याकडे प्रथम प्लेगने विचारले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात नवरोजी हिलच्या वस्तीत विचित्र तापाचे रोगी आढळू लागले. हा गाठीचा प्लेग आहे, हे निदान डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. बार्देश तालुक्यातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले हे गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले होते आणि मुंबई महापालिकेचे सभासद होते. पुढे १९०६ साली ते महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोगाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. रोगाचे नाव लोकांना कळणे आवश्यकच होते. पण पुढच्या काही आठवड्यांत रोगाच्या नावामागून रोग्यांची नावे रस्त्यावर आली, आणि तेथे चूक झाली.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिकेच्या आयुक्तांनी एक जाहीरनामा काढला. संशयित रोग्याला सक्तीने इस्पितळात हलवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. ज्या काळी इस्पितळ म्हणजे मरणाचे घर अशी समजूत होती, जेथे जातीपातीचे आणि पडद्याचे निर्बंध कडक होते, तेथे या जाहीरनाम्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. हेच इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

सरकारने याचा बोध निराळाच घेतला. मुंबईचा माल परदेशी बंदरांत नाकारला जाईल, ही धास्ती मोठी होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. रेल्वेच्या व इतर प्रवाशांची तपासणी करावी, ज्याचा संशय येईल त्याला वेगळे ठेवावे, आणि हे काम सद्हेतूने करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, अशी त्याची तरतूद. कोणाला संशयित ठरवायचे, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनावर सोपवलेले होते. रुग्णाच्या संमतीविषयी किंवा त्याच्या आजाराची माहिती जपण्याविषयी त्या चार कलमांत एक शब्दही नव्हता.

या कायद्याच्या आधारे जे झाले ते सर्वश्रुत आहे. मार्च १८९७ मध्ये मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. पुण्यात रँड यांच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते. ती पाहायची तर अंगावरचे वस्त्र दूर करावे लागते. हे काम स्टेशनच्या फलाटावर, भर रस्त्यात, शेजाऱ्यांच्या देखत केले जाऊ लागले. घरातील सामान बाहेर येई, काही जाळले जाई, आणि रोग्याची गाडी आळीतून निघाली की सगळी आळी ती पाही. एका क्षणात त्या घराचे गुपित साऱ्या गावाचे होई.

लोकांनी मग रोग लपवला. रोगी माळ्यावर ठेवले गेले, मृतदेह गुपचूप पुरले गेले. मुंबईची वस्ती तेव्हा आठ लाखांवर होती. त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली आणि जाताना रोगही घेऊन गेली. ज्या तपासणीने साथ रोखायची, तिच्याच भीतीने साथ गावोगाव पोचली. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात एका मुस्लिम विणकराच्या घरातील मुलीला तपासण्याच्या प्रसंगावरून मुंबईत दंगल उसळली. पुण्यात त्याआधीच, २२ जून १८९७ च्या रात्री, चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली होती. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड काही दिवसांनी मरण पावले. सूडाचे समर्थन कोणी करू नये. पण एका प्लेग अधिकाऱ्याविषयी शहराच्या मनात एवढा द्वेष का साठला, याचा विचार करताना घराचा उंबरठा आणि शरीराची लाज या दोन गोष्टी विसरून चालणार नाही.

याच काळातील एक घटना आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात आपल्या आश्रमातील एका मुलीची हकिगत मांडून, प्लेगच्या इस्पितळात तरुण स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, अशी तक्रार केली. सरकारने ती नाकारली. त्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथे जाहीरपणे केला. पुरावा मागितला गेला. परत आल्यावर गोखल्यांना तो देता आला नाही, कारण ज्यांनी कळवले होते ते उघडपणे पुढे येण्यास तयार नव्हते, आणि त्यांची नावे गोखल्यांनी सांगितली नाहीत. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. ही माफी त्यांना आयुष्यभर बोचत राहिली असे म्हणतात.

आरोपांतील खरेखोटे किती, याचा निकाल आज लागणे कठीण. पण ती कोंडी समजून घेण्यासारखी आहे. स्त्रीची तपासणी चारचौघांत झाली, तेव्हा तिला लाज राखण्याचा अधिकार नव्हता. तिने तक्रार करायची तर पुन्हा चारचौघांत नाव सांगून करायची. एकदा घराबाहेर काढलेली लाज दुसऱ्यांदा न्यायासाठी बाहेर काढायला कोण धजेल? ज्यांचे गुपित राखले गेले नाही, त्यांना न्यायही मागता आला नाही.

याच वेळी त्याच पुण्याजवळ निराळ्या रीतीची सेवाही चालू होती. सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. रोग्यांची शुश्रूषा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेथे रोगी बंदुकीच्या धाकाने आणावा लागत नव्हता. मुंबईतही पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग इस्पितळे काढली, तेव्हा माणसे तेथे आपण होऊन जाऊ लागली. शतक संपता संपता सरकारनेही धडा घेतला. सक्ती सैल झाली आणि स्थानिक लोकांचे सहकार्य घेण्याचे धोरण आले. शिवाय १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की गाठीचा प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो. म्हणजे ज्या माणसांची वस्त्रे फलाटावर उतरवली गेली, त्यांच्यापेक्षा घरातला उंदीर अधिक अपराधी होता. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. पुढल्या काही दशकांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

हा धडा कायद्याच्या पुस्तकात मात्र उतरला नाही. तपासा, नोंदवा, वेगळे करा, हाच साचा कायम राहिला. त्याचा प्रत्यय नव्वद वर्षांनी बार्देशातच यावा, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हणावा लागेल. डॉ. व्हिएगस यांच्या हडफड्यापासून पर्रा गाव दूर नाही. तेथील डॉमिनिक डिसोझा हा तरुण निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होता आणि नेमाने रक्तदान करीत असे. १९८६ साली भारतात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण मद्रासमध्ये आढळले होते आणि त्यानंतर देशभर भीतीचे वातावरण पसरले होते. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एड्सबाधित व्यक्तीला वेगळे ठेवण्याची तरतूद आली होती.

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी डॉमिनिकला बोलावून घेतले. त्याला म्हापशाच्या इस्पितळात नेण्यात आले. आपल्याला काय झाले आहे, हे कोणी डॉक्टरने त्याला एकांतात बसवून सांगितले नाही. समोरच्या नोंदवहीवर त्याची दृष्टी गेली तेव्हा त्याला ते उमगले, असे त्याच्या हकिगतीत येते. त्याने दिलेल्या रक्ताच्या चाचणीचा निष्कर्ष आरोग्य खात्याला कळला, खात्याकडून पोलिसांना कळला, आणि ज्याचे ते रक्त, त्याला तो सर्वांत शेवटी कळला. पुढचे ६४ दिवस त्याला क्षयरोग्यांच्या एका जुन्या आरोग्यधामात पोलिसांच्या पहाऱ्यात एकटे ठेवण्यात आले. एच.आय.व्ही. स्पर्शाने, हवेने किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही, हे वैद्यकशास्त्राला तेव्हाही ठाऊक होते. या कोंडून ठेवण्याने कोणाचेही रक्षण होत नव्हते. पर्ऱ्यात आणि साऱ्या गोव्यात त्याचे नाव व त्याचा आजार मात्र घरोघर पोचला.

त्याची आई लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे अर्ज केला. ॲड. आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. एप्रिलमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने डॉमिनिक घरी परतला. त्याच वर्षी कायद्यातही दुरुस्ती झाली आणि वेगळे ठेवण्याची सक्ती जाऊन तो निर्णय अधिकाऱ्यांच्या विवेकावर आला. पण अंतिम निकालात न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांच्यात संघर्ष आला तर व्यक्तीच्या हक्काने माघार घ्यावी, असा त्या निकालाचा आशय होता.

वरवर पाहता हे म्हणणे पटण्याजोगे आहे. पण त्यात एक गृहीत दडले आहे. रुग्णाचे गुपित आणि समाजाचे हित या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत, हे ते गृहीत. १८९७ चा अनुभव नेमका याच्या उलट आहे. गुपित मोडले म्हणून रोगी लपला आणि रोगी लपला म्हणून समाजाचे नुकसान झाले. रक्त दिल्याबद्दल एका तरुणाला पोलीस घेऊन जातात, हे पाहिल्यावर दुसरा कोण आपण होऊन रक्ताची चाचणी करून घेईल?

डॉमिनिकची नोकरी गेली, पण तो खचला नाही. त्याने आपले नाव आणि आपला आजार उघडपणे सांगायला सुरुवात केली, ठिकठिकाणी जाऊन लोकांशी बोलला, आणि १९९२ साली इझाबेल द सांता रिता व्हाज यांच्या साथीने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याचे निधन झाले. येथे कोणी म्हणेल, ज्याने स्वतःच जगापुढे सांगितले त्याच्या गुप्ततेचा एवढा बाऊ कशाला? पण गुप्तता याचा अर्थ कायम लपवून ठेवणे असा नाही. कोणाला, केव्हा आणि कसे सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असावा, एवढाच तिचा अर्थ. डॉमिनिकने जे पुढे धैर्याने दिले, तेच आधी त्याच्याकडून हिरावून घेतले गेले होते.

त्यानंतर न्यायालयांचा सूर हळूहळू बदलत गेला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका रोजंदारी कामगाराचे प्रकरण आले. एच.आय.व्ही. असल्याच्या कारणावरून एका सरकारी कंपनीने त्याला कामावर घेण्याचे नाकारले होते. जो कामगार काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ या कारणावरून नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या कामगाराला आपले खरे नाव न देता दावा चालवण्याची मुभा मिळाली. निकालपत्रात त्याच्या नावाच्या जागी केवळ दोन अक्षरे आहेत. गोखल्यांना पत्रे लिहिणाऱ्यांना १८९७ साली जे साधले नाही, ते या अनाम कामगाराला शंभर वर्षांनी साधले. नाव झाकून न्याय मागता आला.

दुसऱ्या बाजूचा प्रश्नही खरा आहे. एखाद्याच्या आजारामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. एका रक्तदात्याचा एच.आय.व्ही.चा अहवाल इस्पितळाकडून बाहेर गेला आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. नियोजित वधूला आपला जीव वाचवण्याचा हक्क आहे, तेव्हा इस्पितळाने गैर केले नाही, असे न्यायालय म्हणाले. त्याच निकालात अशा रुग्णाच्या विवाहाच्या हक्कावर जे व्यापक भाष्य झाले होते, ते मात्र २००२ साली न्यायालयानेच मागे घेतले. आपल्या घरात मुलामुलींची लग्ने ठरवणाऱ्या कोणत्याही आईबापाला त्या वधूची बाजू कळेल. पण ज्याच्या जिवाला प्रत्यक्ष धोका आहे त्या एका व्यक्तीला सांगणे निराळे, आणि साऱ्या गावाला कळवणे निराळे. १८९७ आणि १९८९ या दोन्ही वेळी हा फरक कोणी केलाच नाही.

तो फरक अखेर २०१७ सालच्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यात उतरला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी नाही, त्याच्या अनुमतीशिवाय माहिती उघड करणे नाही, न्यायालयात नाव झाकण्याची सोय, आणि रुग्णाच्या जोडीदाराला खरोखर धोका असेल तर समुपदेशनानंतर, ठरावीक अटींवर, डॉक्टरने प्रत्यक्ष भेटून सांगण्याची वाट, अशी त्याची रचना आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तोही याच वर्षातला.

एवढे सगळे शिकल्यावरही साथ आली की जुना साचा किती चटकन वर येतो, हे २०२० साली दिसले. करोनाशी लढताना १८९७ चाच कायदा पुन्हा हाती घेण्यात आला. महाराष्ट्रात घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के मारले गेले. ठिकठिकाणी दारांवर फलक लागले. अशा फलकांमुळे रुग्णांना अस्पृश्यासारखे वागवले जाते, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. सक्षम अधिकाऱ्याने कायद्यानुसार खास आदेश दिल्याखेरीज असे फलक लावू नयेत, असे ९ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने सांगितले. कित्येकांनी खोकला लपवला आणि चाचणी टाळली, याचे साक्षीदार आपल्यातच आहेत. त्यामागे रोगाच्या भीतीइतकीच दारावरच्या फलकाची भीती होती.

सरकारने नोंद ठेवूच नये, असे याचे तात्पर्य नाही. मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे औषधोपचार मधेच सोडलेला रुग्ण शोधता येतो, त्याला मोफत औषध पोचवता येते. ही नोंद हवीच. पण उपचारासाठी घेतलेले नाव उपचार करणाऱ्यांपाशीच राहिले पाहिजे. आता नोंदवहीची जागा संगणकाने घेतली आहे. वही एका टेबलावर असते. संगणकातील माहिती एकाच वेळी हजार ठिकाणी जाऊ शकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस हातांनी लिहून चालवावे लागले. वही जेवढी मोठी, तेवढी ती जपण्याची जबाबदारीही मोठी.

आणि ही जबाबदारी सरकारचीच आहे असेही नाही. सरकारी वहीतून सुटलेले नाव शेवटी येते ते आपल्याच ओट्यावर. प्लेगच्या गाडीकडे टक लावून पाहणारी आळी आपलीच होती. डॉमिनिकच्या आजाराची चर्चा करणारी घरेही आपल्यासारखीच होती. शेजारचा माणूस कोणत्या इस्पितळात कशासाठी जातो, हे आपल्याला कळले तर ते आपल्यापाशीच थांबवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. वांद्र्याच्या त्या क्रूसाने गेली सव्वाशे वर्षे तेच केले आहे. साथीची आठवण त्याने राखली, आणि रोग्यांची नावे कोणाला सांगितली नाहीत.